स्पॅनिश बोलणाऱ्यांना ‘लाइक’ कसं शिकवावं

मेक्सिकोतली एक विद्यार्थिनी माझ्याकडे ऑनलाइन इंग्रजी शिकते. तिची सकाळ ती माझी संध्याकाळ, त्यामुळे तास सुरू होतो तेव्हा माझ्या हातात बहुतेक वेळा चहाचा कप असतो. सुरुवातीच्या एका तासाला तो कप पाहून तिने मोठ्या उत्साहाने विचारलं, “द टी लाइक यू?” चूक उघड होती. पण मला त्या वाक्यात आपली मराठीच ऐकू आली. ‘चहा आवडतो तुम्हाला?’ शब्दाला शब्द लावून पाहा. चहा कर्ता, ‘आवडतो’ हे चहाचं क्रियापद, आणि ‘तुम्हाला’ बाजूला चतुर्थीत. तिने स्पॅनिशमधून जे उचललं होतं ते मराठीतून उचललं असतं तरी वाक्य तेच झालं असतं.

त्या दिवसापासून मी ‘लाइक’ शिकवण्याची पद्धत बदलली. स्पॅनिश मातृभाषा असलेली माणसं जगात ५० कोटींच्या आसपास आहेत, आणि २० देशांची ती राजभाषा आहे. त्यांना ऑनलाइन इंग्रजी शिकवणारे किंवा माद्रिद, बोगोता, मेक्सिको सिटीतल्या सहकाऱ्यांबरोबर रोज कॉलवर बसणारे मराठी लोक आता ओळखीपाळखीत सहज सापडतात. माझं ठाम मत आहे की हा शब्द स्पॅनिश माणसाला समजावून देण्यात मराठी माणसाइतका चांगला शिक्षक मिळणं कठीण. इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे त्याला ही चूक विचित्र वाटते, आपल्याला ती आतून कळते. ते कसं वापरायचं, ते इथे क्रमाने लिहिते.

आधी त्यांचं वाक्य आपल्या वाक्याशेजारी ठेवा

स्पॅनिशमध्ये ‘आवडणे’साठी ‘गुस्तार’ हे क्रियापद आहे. ‘मला कॉफी आवडते’ म्हणजे ‘मे गुस्ता एल काफे’. यातला ‘मे’ म्हणजे ‘मला’. ‘आंबे’ म्हटलं की आपलं ‘आवडतो’ जसं ‘आवडतात’ होतं तसंच तिकडे ‘मे गुस्तान लोस मांगोस’ होतं. ‘गुस्ता’चं ‘गुस्तान’ झालं, कारण आंबे अनेक आहेत. आवडणारा माणूस एक असो की दहा, क्रियापद त्याच्याकडे बघतही नाही. जोर द्यायचा असेल तर ‘आ मी मे गुस्ता’ म्हणतात. आपण ‘मला ना, मला तर आवडतं बुवा’ म्हणतो त्याच चालीचं. आणि ‘आईला आवडतं’ म्हणायचं तर ‘आ मी माद्रे ले गुस्ता’. यात माझी आई ‘आ’ लावून येते, अगदी ‘ला’ प्रत्ययासारखी.

इंग्रजीत मात्र आवडणारा माणूस थेट कर्त्याच्या खुर्चीत बसतो. ‘आय लाइक कॉफी.’ त्यामुळे विद्यार्थी तीन ठरलेल्या ठिकाणी घसरतो. एक म्हणजे वर सांगितलं ते, ‘द टी लाइक यू’. दुसरं ‘मी लाइक कॉफी’, कारण स्पॅनिशमधला ‘मे’ आणि इंग्रजीतला ‘मी’ दिसायला एकच आहेत. आणि तिसरं ‘आय लाइक’ एवढंच बोलून थांबणं. हे तिसरं सगळ्यात चिवट आहे, त्याच्याकडे पुढे येते.

विद्यार्थी या चुकीने ओशाळला तर त्याला एक गोष्ट जरूर सांगा. इंग्रजीसुद्धा कधीकाळी असंच बोलत होती. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ ‘रुचणे, पसंत पडणे’ असाच होता आणि वस्तूच कर्ता असायची. १६०० च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या ‘हॅम्लेट’ नाटकात हॅम्लेट तलवार हातात घेऊन म्हणतो, ‘धिस लाइक्स मी वेल’. म्हणजे ‘ही मला चांगली पसंत आहे’. माझ्या विद्यार्थिनीने ‘द टी लाइक यू’ म्हटलं तेव्हा ती चारशे वर्षं उशिरा आली होती, एवढंच. हे ऐकल्यावर तिच्या चेहऱ्यावरचा ताण गेला आणि तिने स्वतःच वाक्य उलटवून पाहिलं.

खुर्ची बदला, पण ‘गुस्तार’वरून नको

पाठ्यपुस्तकं सहसा ‘मे गुस्ता = आय लाइक’ असं समीकरण देतात. इथेच घात होतो. विद्यार्थ्याच्या डोक्यात दोन्ही वाक्यांचा सांगाडा एकच ठरून बसतो. त्याऐवजी स्पॅनिशमधलंच असं क्रियापद शोधा जिथे माणूस कर्ता आहे. ते आहे ‘प्रेफेरीर’, म्हणजे अधिक पसंत करणे. ‘प्रेफिएरो काफे’ म्हणजे ‘मी कॉफी पसंत करतो’. तिथे ‘मला’ नाही, ‘मी’ आहे. विद्यार्थ्याला सांगायचं : इंग्रजी ‘लाइक’ हे ‘गुस्ता’चं भावंड नाही, ते ‘प्रेफिएरो’चं भावंड आहे. अर्थ ‘गुस्ता’चा, चाल ‘प्रेफिएरो’ची.

आपल्याकडेही हीच जोडी आहे. ‘मला कॉफी आवडते’ आणि ‘मी कॉफी पसंत करतो’. मराठी शाळेत इंग्रजी शिकताना मी स्वतः हा उंबरठा कधी ओलांडला ते आठवत नाही, पण ओलांडला असणारच.

सराव असा घ्या. टेबलावर किंवा स्क्रीनवर पाच खाद्यपदार्थांची चित्रं ठेवा. विद्यार्थ्याने आधी ‘प्रेफिएरो’ने स्पॅनिश वाक्य म्हणायचं, मग ‘आय प्रिफर’, मग लगेच त्याच दमात ‘आय लाइक’. तीन उड्या. पहिल्या आठवड्यात ‘गुस्ता’ शब्द तासात उच्चारूच द्यायचा नाही. चित्रांत एकवचन आणि अनेकवचन मिसळा, कारण ‘मांगोस’ दिसले की विद्यार्थ्याची जीभ क्रियापद बदलायला धावते. त्याला मुद्दाम दाखवा की ‘आय लाइक मँगो’ आणि ‘आय लाइक मँगोज’ यांत ‘लाइक’ हलत नाही, पण ‘शी’ आली की ‘लाइक्स’ होतं. आता क्रियापद माणसाकडे बघतं, आंब्याकडे नाही.

एक सुखद अपवाद याच वेळी द्यावा. ‘मलाही’ म्हणायला स्पॅनिशमध्ये ‘आ मी ताम्बियेन’ आणि इंग्रजीत ‘मी टू’. इथे इंग्रजीतही ‘मला’चं रूप टिकून आहे, त्यामुळे विद्यार्थ्याला ते पहिल्याच फटक्यात जमतं. ‘मी नायदर’ही तसंच. दिवसभर चुका काढून घेतलेल्या माणसाला असं एखादं घर बसल्या मिळालेलं वाक्य द्यायला हवं.

गोव्याचं कोणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी : पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण, पण इथे ती वेगळी वागते. ‘एउ गोश्तु द काफे’ यात ‘एउ’ म्हणजे ‘मी’ कर्ता आहे. म्हणून ब्राझीलचा विद्यार्थी ‘द कॉफी लाइक्स मी’ म्हणत नाही. त्याची चूक असते ‘आय लाइक ऑफ कॉफी’, कारण त्याच्या वाक्यात मधे ‘द’, म्हणजे इंग्रजीतला ‘ऑफ’, असतो. दोघांना एका गटात बसवून एकच सराव देऊ नका.

‘इट’ हरवतो तो इथे

आता त्या चिवट चुकीकडे. ‘ते गुस्ता?’ ‘सी, मे गुस्ता.’ स्पॅनिश वाक्य पूर्ण आहे. वस्तू कर्ता आहे आणि स्पॅनिशमध्ये कर्ता गाळता येतो. आपलंही तसंच, ‘आवडलं का?’ ‘हो, आवडलं.’ म्हणून तो म्हणतो ‘डू यू लाइक?’ ‘यस, आय लाइक.’ आणि म्हणूनच आपल्याकडचे लोकही नेमकं हेच म्हणतात. आधी स्वतःचं बोलणं तपासा, मला तरी तपासावं लागलं.

नियम सांगून हे सुटत नाही. उच्चाराने सुटतं. स्पॅनिश शब्द सहसा ‘क’ या व्यंजनावर संपत नाहीत, त्यामुळे ‘लाइक’चा शेवटचा ‘क’ विद्यार्थ्याच्या तोंडात अर्धवट राहतो, कधी नुसतं ‘लाय’ ऐकू येतं. तुम्ही ‘लाइक इट’ हे दोन शब्द म्हणून शिकवूच नका. ‘लाय-किट’ असा एकच शब्द द्या. ‘आय लायकिट.’ ‘डू यू लायकिट?’ ‘क’ला पुढे स्वर मिळाला की तो स्पष्ट येतो, आणि ‘इट’ त्याच्या पाठीवर बसून आपोआप येतो. एका दगडात दोन पक्षी मरतात. अनेक वस्तू असतील तर ‘लाय-क्देम’.

भूतकाळाला हाच उपाय. ‘लाइक्ड’ वाचताना विद्यार्थी ‘लाइकेद’ अशी फोड करतो, कारण स्पॅनिशमध्ये सहसा जे अक्षर लिहिलं ते म्हणायचं असतं. शेवटी ‘क्ट’ हा जोडउच्चार आहे हे सांगून काही होत नाही. ‘लाइक-टिट’ म्हणायला लावा. ‘आय लाइकटिट.’ आमच्या एका तासात हे इतक्यांदा झालं की त्या विद्यार्थिनीच्या घरातलं लहान मूल पलीकडून ‘लाइकटिट, लाइकटिट’ ओरडायला लागलं.

आणखी दोन बारीक गोष्टी इथेच उरकून घ्या. ‘मे गुस्ता एल काफे’मध्ये ‘एल’ आहे, म्हणून ‘आय लाइक द कॉफी’ येतं. सर्वसाधारण आवड सांगताना इंग्रजीत ‘द’ नको, समोरच्या कपातल्या कॉफीबद्दल बोलायचं असेल तर हवा. आणि ‘मे गुस्ता मूचो एल काफे’वरून ‘आय लाइक व्हेरी मच कॉफी’ येतं. ‘व्हेरी मच’ किंवा ‘अ लॉट’ शेवटी न्यायचं. क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामध्ये इंग्रजी कोणाला बसू देत नाही.

‘चहा आवडतो का’ आणि ‘चहा घेणार का’

हा टप्पा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथली चूक व्याकरणाची राहत नाही, वागणुकीची होते. यजमान विचारतो, ‘वुड यू लाइक सम टी?’ विद्यार्थी उत्तर देतो, ‘यस, आय लाइक टी.’ यजमानाला कळत नाही की चहा आणायचा की नाही. आपल्याकडे ‘चहा आवडतो का?’ हा गप्पांचा प्रश्न आणि ‘चहा घेणार का?’ हा आदरातिथ्याचा प्रश्न. दोन्ही एकमेकांच्या जागी वापरणारा माणूस कुठल्याही घरात गोंधळ उडवेल. विद्यार्थ्याला हा फरक त्याच्या भाषेत दाखवा : ‘ते गुस्ता?’ आणि ‘किएरेस?’ म्हणजे ‘हवाय का?’. ‘वुड यू लाइक’ हे दुसऱ्या खणातलं आहे. उत्तर ‘यस, प्लीज’ किंवा ‘नो, थँक यू’.

मागतानाही तेच. ‘किएरो उन काफे’, म्हणजे ‘मला एक कॉफी हवी’, स्पेनमधल्या कॅफेत खपून जातं. तिथे ‘मे पोनेस उन काफे?’ म्हणजे ‘मला एक कॉफी देतोस?’ असंही सर्रास म्हणतात आणि त्यात कोणाला उद्धटपणा वाटत नाही. तोच माणूस लंडनमध्ये ‘आय वॉन्ट अ कॉफी’ म्हणाला की काउंटरपलीकडचा चेहरा किंचित ताठ होतो. ‘किसिएरा’ हा मऊ, अदबीचा स्पॅनिश शब्द त्याला माहीत आहे. ‘आय’ड लाइक’ म्हणजे ‘किसिएरा’, असं पक्कं जोडून द्या. आणि उच्चार ऐका. ‘आय’ड’मधला ‘ड’ गिळला की ‘आय लाइक अ कॉफी’ उरतं, आणि विनंती पुन्हा आवडीवर येऊन पडते.

मेक्सिकोच्या विद्यार्थ्यांसाठी एक जवळची वाट आहे. तिथे अदबीने ‘गुस्ता उन काफे?’ किंवा ‘गुस्ता पासार?’ म्हणजे ‘आत येता का?’ असं विचारतात. इथे ‘मला’, ‘त्याला’ सांगणारं ‘मे’, ‘ले’ काही नाही, माणूसच कर्ता आहे आणि अर्थ ‘घेणार का, येणार का’ असा आहे. हे हुबेहूब ‘वुड यू लाइक’ आहे. माझ्या विद्यार्थिनीला हे दाखवलं तेव्हा ती काही क्षण गप्प बसली आणि मग म्हणाली की आमच्या आजी असंच बोलतात.

‘वुड लाइक’नंतर क्रियापद आलं तर नेहमी ‘टू’ लागतं, ‘लाइक’नंतर ‘डान्सिंग’ही चालतं आणि ‘टू डान्स’ही. त्यात फार वेळ घालवू नका. वेळ घालवायचा तो दुसऱ्या माणसाकडून काही हवं असेल त्या वाक्यावर. ‘मे गुस्तारीआ के बिनिएरास’ म्हणजे ‘तू आलीस तर मला आवडेल’. विद्यार्थी म्हणतो ‘आय’ड लाइक दॅट यू कम’. इंग्रजीला हवंय ‘आय’ड लाइक यू टू कम’. आपल्या मराठीतही ‘तू यावंस असं मला वाटतं’ यात ‘असं’ने जोडलेलं उपवाक्य आहे, म्हणून ही चूक आपणही करतो. साचा म्हणून पाठ करून घ्या, दहा वेगवेगळी माणसं आणि दहा कामं घालून.

‘सारखा’ आणि ‘म्हणून’

आता आवडीचा ‘लाइक’ बाजूला ठेवून दुसरा घ्या. पण एकाच तासात दोन्ही नकोत, किमान आठवड्याचं अंतर ठेवा.

स्पॅनिशमध्ये ‘कोमो’ हा एकच शब्द ‘सारखा’साठीही आहे आणि ‘म्हणून’साठीही. इंग्रजीत त्याचे दोन तुकडे होतात, ‘लाइक’ आणि ‘अ‍ॅज’, आणि विद्यार्थी ते कसेही वापरतो. इथे मराठी शिक्षकाच्या हातात हुकमाचा एक्का आहे, कारण आपली भाषा हे दोन अर्थ स्वच्छ वेगळे ठेवते. ‘ती शिक्षिका म्हणून काम करते’ म्हणजे ती खरोखर शिक्षिका आहे : ‘अ‍ॅज अ टीचर’. ‘ती शिक्षिकेसारखी बोलते’ म्हणजे ती शिक्षिका नसावी, पण ढब तशी : ‘लाइक अ टीचर’. विद्यार्थ्याला मराठी येत नसलं तरी प्रश्न विचारता येतो. ‘ती खरंच शिक्षिका आहे का?’ हो म्हटलं तर ‘अ‍ॅज’, नाही म्हटलं तर ‘लाइक’. स्पॅनिशमध्ये हा फरक थोडासा ‘उन’, ‘उना’ या उपपदाने दाखवतात. ‘त्राबाहा कोमो प्रोफेसोरा’मध्ये उपपद नाही, ती खरी शिक्षिका. ‘आब्ला कोमो उना प्रोफेसोरा’मध्ये आहे, ती शिक्षिकेसारखी बोलते. म्हणजे फरक त्याच्या मनात आधीपासून आहे, त्याने तो फक्त पाहिलेला नसतो.

सरावाला एक वाक्य मी नेहमी वापरते. ‘आय अ‍ॅम टॉकिंग टू यू अ‍ॅज युअर फादर’ आणि ‘आय अ‍ॅम टॉकिंग टू यू लाइक युअर फादर’. पहिलं बाप म्हणतो, दुसरं एखादा काळजी करणारा काका. वाक्य म्हणायच्या आधी विद्यार्थ्याने सांगायचं की बोलणारा कोण.

चार प्रश्न, एक फोटो

‘लाइक’चं सगळ्यात अवघड रूप प्रश्नात येतं. मी त्यासाठी घरातल्या माणसाचा एक फोटो आणायला सांगते. समजा बहिणीचा आणला.

‘व्हॉट इज शी लाइक?’ याचं स्पॅनिश ‘कोमो एस?’ म्हणजे ती स्वभावाने कशी आहे. मनमोकळी, अबोल, कामसू. ‘हाउ इज शी?’ याचं ‘कोमो एस्ता?’ म्हणजे सध्या कशी आहे, बरी आहे ना. ‘व्हॉट डझ शी लुक लाइक?’ म्हणजे दिसायला कशी. आणि ‘व्हॉट डझ शी लाइक?’ म्हणजे ‘के ले गुस्ता?’, तिला काय आवडतं. चार प्रश्न आणि त्यांतल्या तिघांत ‘लाइक’, पण क्रियापद फक्त शेवटच्यात.

स्पॅनिशमध्ये ‘असणे’साठी ‘सेर’ आणि ‘एस्तार’ अशी दोन क्रियापदं आहेत. कायमचा गुण ‘सेर’कडे, सध्याची अवस्था ‘एस्तार’कडे, असं ढोबळमानाने म्हणता येतं. मराठीत ‘कशी आहे?’ एवढाच एक प्रश्न दोन्ही कामं करतो आणि आपण संदर्भाने समजून घेतो. म्हणजे इथे आपल्यापेक्षा स्पॅनिश विद्यार्थी एक पाऊल पुढे आहे! त्याचा फायदा घ्या. ‘एस’ आलं की ‘व्हॉट... लाइक’, ‘एस्ता’ आलं की ‘हाउ’. त्याची नेहमीची चूक ‘हाउ इज शी लाइक?’ ही असते, कारण ‘कोमो’चं भाषांतर ‘हाउ’ असं पाठ झालेलं असतं. ‘हाउ’ आणि ‘लाइक’ या प्रश्नांत शेजारी नांदत नाहीत, एवढं एक वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यायला लावा.

मग फोटो समोर ठेवून चारही प्रश्न उलटसुलट विचारा. ‘हाउ इज युअर सिस्टर?’ला ‘उंच आहे, केस कुरळे आहेत’ असं उत्तर आलं तर थांबा, दुरुस्त करू नका. विचारा, ‘ती आजारी आहे का?’ त्याला आपोआप उमगतं की प्रश्न तब्येतीचा होता.

‘लुक लाइक’वरून दोन फाटे फुटतात. ‘शी लुक्स लाइक हर मदर’ हे ‘से पारेसे आ सू माद्रे’, म्हणजे आईवर गेलीय. आणि ‘इट लुक्स लाइक रेन’ हे ‘पारेसे के बा आ योबेर’, पाऊस येईलसं दिसतंय. त्या ‘येईलसं’मधला ‘सं’ बघा, तोच ‘लाइक’. ‘साउंड्स लाइक’, ‘स्मेल्स लाइक’, ‘टेस्ट्स लाइक’ यांना वेगळं शिकवायची गरज नाही, एक कळलं की बाकीचे येतात.

‘प्यावासा वाटतोय’

‘फील लाइक’ शिकवताना मला मनापासून आनंद होतो. ‘आय फील लाइक अ कॉफी’ हे शब्दशः घेतलं तर ‘मी कॉफीसारखा वाटतो’ असं होतं आणि विद्यार्थी भांबावतो. मराठीत बघा, ‘मला कॉफी प्यावीशी वाटतेय’. वाटणं आणि ‘-शी’, दोन्ही आहेत! स्पॅनिशमध्ये या भावनेला प्रत्येक मुलखात वेगळा शब्द आहे. स्पेनमध्ये ‘मे आपेतेथे’, मेक्सिकोत ‘से मे आन्तोहा’, कोलंबिया-व्हेनेझुएलाकडे ‘मे प्रोबोका’, आणि सगळीकडे चालणारं ‘तेंगो गानास दे’. विद्यार्थी कुठला आहे हे विचारून त्याच्या घरातला शब्द वापरा. कोलंबियाच्या माणसाला ‘आपेतेथे’ पुस्तकी वाटेल, आणि स्पेनच्या माणसाला ‘मे प्रोबोका’ म्हणजे कोणीतरी चिथावतंय असं वाटेल.

‘फील लाइक’नंतर ‘-इंग’ येतं, ‘टू’ नाही. ‘आय डोन्ट फील लाइक गोइंग.’ जावंसं वाटत नाही.

जपून वापरायची दोन वाक्यं

‘मे गुस्तास’ म्हणजे ‘तू मला आवडतेस’. आपल्याला समजावून सांगायला नको की हे कोणाला आणि कुठल्या सुरात म्हणतात. एखादा माणूस नुसता भला वाटतो, त्याच्याशी पटतं, यासाठी स्पॅनिशमध्ये वेगळं आहे, ‘मे काएस ब्येन’. इंग्रजीत मात्र दोन्हींना ‘आय लाइक यू’. म्हणून स्पॅनिश माणूस ‘आय लाइक माय बॉस’ म्हणायला कचरतो. त्याला सांगा, ऑफिसात हे बिनधास्त चालतं, कोणी भुवया उंचावणार नाही. उलट स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी माणसाने साहेबाबद्दल ‘मे गुस्ता मी हेफे’ चुकूनही म्हणू नये.

दुसरं, नावड. ‘दिसगुस्तादो’ म्हणजे नाराज, मन दुखावलेला. दिसायला जुळतो म्हणून विद्यार्थी ‘आय अ‍ॅम डिसगस्टेड’ म्हणून टाकतो, आणि ते थेट ‘मला किळस आली’ होतं. बैठकीत उशीर झाला म्हणून कोणी असं म्हटलं तर संबंध बिघडतात. ‘आय’म अपसेट’ द्या. ‘आय डिसलाइक’ही कडक आहे, रोजच्या बोलण्यात ‘आय डोन्ट लाइक इट’ पुरे, आणि पाहुण्याच्या ताटापुढे ‘इट्स नॉट रिअली फॉर मी’.

शेवटी, तोंडात येणारा ‘लाइक’

मालिका आणि रील बघून विद्यार्थी विचारतातच की ती मुलगी प्रत्येक वाक्यात ‘लाइक’ का म्हणते. उत्तर त्याच्या भाषेत तयार आहे. स्पॅनिशमध्ये ‘ओ सेआ’, स्पेनच्या तरुणांत ‘एन प्लान’, अर्जेंटिनात ‘तीपो’. आपलं ‘म्हणजे’. ‘म्हणजे मी गेले, म्हणजे तिथे कोणीच नव्हतं.’ अर्थ शोधायचा नसतो, बोलणारा श्वास घेतोय. ‘शी वॉज लाइक, नो वे!’ हे मात्र वेगळं, ते बोलणं सांगण्याचं साधन आहे, आपल्या ‘ती म्हणे’सारखं. ‘एन प्लान’ही तसं वापरतात, म्हणून स्पेनच्या मुलांना हे चटकन कळतं. ऐकून कळणं एवढं पुरे. परीक्षेत आणि मुलाखतीत ते तोंडातून बाहेर पडू नये म्हणून मी विद्यार्थ्याला स्वतःचं दोन मिनिटांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून त्यातले ‘लाइक’ मोजायला सांगते.

‘अलाइक’, ‘अनलाइक’, ‘लाइकली’ हे वाचनात येतील तेव्हा सांगावेत. ‘लाइकली’चा आवडीशी संबंध नाही, ‘बहुधा’ हा त्याचा अर्थ, एवढी सूचना पुरते. सोशल मीडियावरचा ‘लाइक’ त्यांना शिकवायची गरजच नाही. ‘डार लाइक’ आता स्पॅनिशमध्येच रुळलंय.

महिनाभराने तोच चहाचा कप कॅमेऱ्यासमोर धरा आणि काहीच बोलू नका. विद्यार्थ्याने स्वतःहून तीन प्रश्न विचारायला हवेत : तुम्हाला चहा आवडतो का, हा चहा आवडला का, आणि चव कशी आहे. पहिल्यात ‘द’ यायला नको, दुसऱ्यात ‘लाइक’च्या पुढे ‘इट’ किंवा ‘द टी’ यायला हवं, तिसऱ्यात ‘व्हॉट’ने सुरुवात व्हायला हवी आणि ‘लाइक’ने शेवट. माझ्या विद्यार्थिनीने तिन्ही बरोबर विचारले, आणि मग चौथाही विचारला, ‘वुड यू लाइक अनदर कप?’ माझा कप तोवर रिकामा झाला होता.